मागचा टायर फुटला त्या दिवशी: लांबच्या प्रवासातल्या एका प्रसंगाचा अभ्यास

पार्श्वभूमी

सात आसनी गाडी, सहा माणसं, डिकी छतापर्यंत भरलेली आणि ६४० किलोमीटरचा प्रवास. पहाटे सहाला निघून संध्याकाळी पाचच्या आत पोचायचं, असा बेत होता. नावं सांगायची नाहीत असं ठरलं आहे, म्हणून नात्यांनीच ओळख करून देतो. गाडी दादा चालवत होता. शेजारी काका. त्यांनी उभी हयात मोठ्या गाड्या चालवण्यात काढली. मधल्या रांगेत वहिनी आणि दोन मुलं. मागच्या रांगेत एका बाजूला सामान आणि दुसऱ्या बाजूला धाकटा, दादाचा भाऊ.

मी त्या गाडीत नव्हतो. चालकांना शिकवण्याचं काम करताना असे प्रसंग मी गोळा करतो. पंधरा दिवसांनी या चौघा मोठ्यांशी वेगवेगळं बसून बोललो. धाकट्याने फुटलेल्या टायरचे तुकडे पोत्यात भरून आणले होते, तेही हातात घेऊन तपासता आले. हे फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा फुटलेला टायर तिथेच कुठेतरी टाकून दिला जातो आणि त्याच्याबरोबर तो का फुटला हेही जातं.

गाडीचे टायर १९५/६५ आर१५ ९१ एच या मापाचे. यातला ९१ हा भाराचा आकडा आहे. पूर्ण हवा असताना एका टायरने जास्तीत जास्त ६१५ किलो पेलावेत, असा त्याचा अर्थ. त्या दिवशीच्या माणसांचा आणि सामानाचा हिशेब मांडला, तर मागच्या प्रत्येक चाकावर अंदाजे पाचशे किलो येत होते. म्हणजे टायर अपुरा नव्हता, फक्त त्यात हवा पूर्ण असायला हवी होती. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्यात गाडी भरलेली असताना मागच्या चाकांना ३६ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचं एकक) हवा सांगितली होती. सहा दिवसांपूर्वी चारही चाकांत ३२ भरून घेतली होती, कारण एरवी ३२च असते.

टायरच्या बाजूवर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक १४१७ होते. म्हणजे २०१७ सालच्या १४व्या आठवड्यात तो तयार झाला. प्रवासाच्या दिवशी त्याला सहा वर्षं उलटून गेली होती. नक्षी मात्र चार मिलिमीटर शिल्लक होती आणि झिजेची खूण १.६ मिलिमीटरला येते. त्यामुळे बघणाऱ्याला टायर चांगलाच दिसत होता.

फुटण्याआधी

दादाचं पहिलं वाक्य होतं, "अचानक फुटला." तसं त्याला मनापासून वाटत होतं. पण चौघांच्या आठवणी एकापुढे एक ठेवल्या तेव्हा दिसलं, की टायर चार वेळा बोलला होता.

पहिल्यांदा, प्रवासाच्या महिनाभर आधी. मागचं एकच चाक, रस्त्याच्या कडेकडचं, दर आठवड्याला पाच-सहा पीएसआयने उतरत होतं. हवा भरणारा मुलगा म्हणालाही होता, "साहेब, हे चाक बघून घ्या एकदा." दादाने दर वेळी हवा भरून घेतली. चाक खोलायचं मात्र राहून गेलं. एकच टायर वारंवार उतरत असेल तर हवा कुठूनतरी जाते आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. कारण खिळा असेल, व्हॉल्व्ह असेल किंवा रिमची गंजलेली कड असेल. पाण्याच्या टाकीत बुडवलं की दहा मिनिटांत बुडबुडे जागा दाखवून देतात.

दुसऱ्यांदा, घर सोडल्यावर चाळीस किलोमीटरवर. डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागला. दादाने कडेला थांबून चारही चाकांभोवती फेरी मारली. एकही टायर बसलेला दिसला नाही. "आज वजन जास्त आहे, म्हणून दाखवत असेल," असं म्हणून त्याने रीसेटचं बटण दाबलं आणि दिवा विझला.

या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली कृती कोणती, असं मला विचाराल तर मी ही सांगेन. या गाडीतली यंत्रणा प्रत्यक्ष हवा मोजणारी नव्हती. ती चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करते. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं आणि यंत्रणेला फरक कळतो. रीसेट दाबणं म्हणजे तिला सांगणं, की आत्ता जे आहे तेच बरोबर धर. दादाने उतरलेला टायर बरोबर म्हणून शिकवला. त्यानंतर ती यंत्रणा गप्प बसली.

इथे थोडं विषयांतर करतो. हा दिवा गाड्यांमध्ये आला त्यामागे माणसांचे जीव गेलेले आहेत. २००० साली ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोनचे सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. धावत्या गाडीत नक्षीचा पट्टा सुटून येत होता आणि गाड्या उलटत होत्या. त्यानंतर झालेल्या कायद्यामुळे तिथे हवेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. पुढे युरोपातही २०१४पासून प्रत्येक नव्या गाडीला ती आली. म्हणून तो दिवा लागला, की निदान हवा मोजण्याचं यंत्र तरी चाकाला लावावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसऱ्यांदा, १९० किलोमीटरवर, पाय मोकळे करायला थांबले तेव्हा. धाकट्याने मागच्या टायरवर पाय दाबून पाहिला. "कडक आहे," म्हणाला. पायाला तो कडक लागणारच. पाचशे किलोखाली दबलेला आणि तापलेला टायर वीस पीएसआयलाही घट्ट लागतो. रेडियल टायर जमिनीजवळ नेहमीच थोडा फुगलेला दिसतो, त्यामुळे डोळ्यांनीही नीट कळत नाही. हात लावून चारही चाकांची ऊब ताडून पाहिली असती तर एक वेगळं निघालं असतं. धाकटा म्हणतो, की वाकून बघताना रबराचा वास आला होता. त्याला वाटलं, ब्रेकचा असेल.

चौथ्यांदा, ३१० किलोमीटरच्या सुमारास. वहिनी म्हणाल्या, "अहो, गाडी हलतेय मागून." दादाला स्टिअरिंगमध्ये काहीच जाणवत नव्हतं. मागच्या चाकाचा दोष हाताला उशिरा कळतो. तो आधी बसणाऱ्यांच्या अंगाला कळतो. काकांनी काच खाली करून कान दिला आणि म्हणाले, "थांबून बघू या का?" पुढचा थांबा १८ किलोमीटरवर होता. दादा म्हणाला, "तिथेच बघू." वेग शंभरच राहिला.

त्या वेळी टायरच्या आत काय चाललं असेल, ते आकड्यांत सांगतो. या मापाच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या जवळपास असतो. शंभरच्या वेगाला ते सेकंदाला चौदा फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात टायरच्या भिंतीचा प्रत्येक भाग जमिनीजवळ येताना वाकतो आणि वर जाताना सरळ होतो. तासाला पन्नास हजार वेळा. हवा पुरेशी असेल तर हे वाकणं थोडं असतं. हवा कमी असली की भिंत दुमडते आणि प्रत्येक दुमडीबरोबर रबर तापतं. तापलेलं रबर मऊ पडतं, आतल्या दोऱ्यांवरची आणि पोलादी पट्ट्यांवरची त्याची पकड सुटू लागते. मऊ पडल्यामुळे ते आणखी दुमडतं आणि आणखी तापतं. एका मर्यादेनंतर हे चक्र आपोआप थांबत नाही. गाडी थांबवली तरच थांबतं.

फुटला तो क्षण

३२४वा किलोमीटर. आवाज बंदुकीसारखा झाला, असं सगळेच सांगतात. पाठोपाठ पत्र्यावर काहीतरी आपटत असल्याचा धडधडाट. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. विचार करायला तेवढाच वेळ.

दादाचा पाय ब्रेकवर गेला. हे त्याने स्वतःहून सांगितलं आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो, कारण बहुतेक लोक हे कबूल करत नाहीत. ब्रेक हलकाच लागला, तरी गाडीचं शेपूट बाहेर सरकलं. काका ओरडले, "ब्रेक सोड! नुसतं धरून ठेव!" दादाने पाय उचलला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी दोन हेलकावे खाऊन सरळ झाली.

ब्रेक का नको, हे एकदा नीट समजलं की त्या क्षणी आठवण्याची शक्यता वाढते. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. त्यातलं एक फुटलेलं असेल तर मागच्या बाजूला रस्ता धरून ठेवणारं जवळजवळ काही उरत नाही आणि शेपूट पुढे यायला बघतं. फुटलेला टायर स्वतःच गाडीला भरपूर ओढ देतो. वेग आपोआप उतरतो. अॅक्सिलरेटरवरचा पाय हळू काढायचा, गाडी आपल्या पट्ट्यात सरळ ठेवायची आणि वेग बराच उतरल्यावरच कडेला वळवायची. पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला जोरात ओढते आणि हातांना जास्त ताकद लागते. पण नियम तोच.

दादाने चारही इंडिकेटर लावले आणि ताशी तीसच्या आसपास आल्यावर गाडी कडेला घेतली.

कुठे थांबायचं

या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा काळ फुटण्याच्या क्षणी नव्हता. तो आता सुरू झाला.

गाडी थांबली ती जागा वळणाच्या बाहेरच्या अंगाला होती. कडेची पट्टी जेमतेम गाडीएवढी, पलीकडे लोखंडी कठडा. मागून येणाऱ्याला ही गाडी वळण घेतल्यावरच दिसणार. दादाच्या डोक्यात रिमची काळजी होती: "टायर नसताना चालवली तर रिम जाईल." म्हणून मिळाली त्या जागेवर तो थांबला. सगळे उतरले आणि गाडीच्या पुढे, बॉनेटजवळ घोळका करून उभे राहिले. मुलंही. एक ट्रक एवढ्या जवळून गेला, की वाऱ्याने वहिनींची ओढणी उडाली.

वहिनींनी मुलांना हाताला धरून कठड्यापलीकडे नेलं. काका म्हणाले, "इथे नाही. गाडी पुढे घे."

पर्याय दोन होते. तिथेच चाक बदलायचं, किंवा रिमवर चालवत पुढे जाऊन मोकळी जागा शोधायची. दादाचं म्हणणं, चाक कडेच्या बाजूचं आहे, रहदारीकडे पाठ करून बसावं लागणार नाही, पंधरा मिनिटांत काम होईल. काकांचं म्हणणं, पंधरा मिनिटांत वळणावरून शेकड्याने गाड्या येतील आणि त्यातल्या प्रत्येक चालकाचं लक्ष रस्त्यावर असेल याची हमी कोण देणार? दोघांचा वाद दोनेक मिनिटं चालला. शेवटी दादा एकटा गाडीत बसला आणि चालण्याच्या गतीने २५० मीटर पुढे गेला. तिथे रस्ता सरळ होता आणि कडेला गाडी पूर्ण बाहेर काढता येईल एवढी जागा होती. बाकीचे कठड्यापलीकडून चालत आले.

माझ्या मते काकांचा निर्णय निःसंशय बरोबर होता आणि तो दोन मिनिटं आधी, कोणी खाली उतरण्यापूर्वी व्हायला हवा होता. फुटलेल्या टायरवर दोन-तीनशे मीटर सावकाश गेल्याने गाडी उलटत नाही. रिमला खरचटेल, कड वाकेल. ती बदलता येते.

उभं कुठे राहायचं हेही तितकंच महत्त्वाचं. थांबलेल्या गाडीला मागून धडक बसली तर ती पुढे फेकली जाते. म्हणून गाडीच्या पुढे उभं राहणं सर्वांत वाईट. रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दारांनी उतरायचं, कठडा असेल तर त्यापलीकडे जायचं आणि गाडीच्या मागच्या दिशेला थोडं दूर उभं राहायचं.

त्रिकोण ठेवायला धाकटा गेला. तो कठड्याबाहेरून चालत गेला आणि त्रिकोण उघडून छातीसमोर धरला होता, म्हणजे जाता-जाताही तो दिसत राहिला. साधारणपणे निदान पन्नास मीटर मागे ठेवावा आणि वेगवान रस्त्यावर त्याहून जास्त. इथे वळण होतं. पन्नास मीटर मोजून ठेवला असता तरी तो वळण संपल्यावरच दिसला असता. धाकट्याने तो वळणाच्या अलीकडे, गाड्यांना आधी दिसेल असा ठेवला. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याने मागून येणाऱ्या चालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं.

चाक बदलणं

मदतीसाठी फोन केला तेव्हा अडीच तास लागतील असं उत्तर आलं. गाडीत पंक्चर भरण्याच्या फेसाचा डबाही होता. पण तो नक्षीच्या भागातल्या खिळ्याच्या भोकापुरता असतो. भिंत फाटलेल्या टायरला त्याचा उपयोग नाही. म्हणून स्टेपनी.

स्टेपनी डिकीच्या तळाशी होती आणि तिच्यावर सहा माणसांचं सामान. सगळं उतरवावं लागलं. स्टेपनी नेहमीच्या मापाची नव्हती, अरुंद होती. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आणि ६० पीएसआय हवा असं लिहिलेलं होतं. मोजली तर ३८ भरली. दादा म्हणाला, "३८ म्हणजे भरपूर झाली." काकांनी चष्मा लावून टायरवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला. सुदैवाने सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप गाडीत होता. नऊ मिनिटं लागली, पण ६० पूर्ण केली. अरुंद टायर तेवढं वजन पेलतो तो जास्त हवेच्या जोरावरच. ३८वर सोडून दिली असती तर पहिल्या टायरची गोष्ट दुसऱ्या टायरवर पुन्हा सुरू झाली असती.

बाकीचं काम काकांनी करवून घेतलं. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, तिरप्या कोपऱ्यातल्या पुढच्या चाकाला दोन्हीकडून दगड. नट आधी जमिनीवरच पाव फेरा सैल केले, कारण चाक हवेत असताना जोर लावला तर गाडी जॅकवरून ढकलली जाते. एक नट हलेना. पाना आडवा बसवून त्याच्या टोकावर पायाने सावकाश भार दिला तेव्हा सुटला. जॅकचा पाय मातीत रुतायला लागला, म्हणून गाडी हातभर पुढे घेऊन जॅक डांबराच्या कडेवर आणला. फुटलेलं चाक निघाल्यावर ते बाजूला न ठेवता काकांनी गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसाच्या पायावर नाही. नट समोरासमोरचे धरून, टप्प्याटप्प्याने आवळले आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर दिला.

तिथून पुढे जाण्याचे पर्याय

घड्याळात बारा वाजून गेले होते आणि ३१६ किलोमीटर उरले होते. दादाला त्याच स्टेपनीवर, ऐंशीच्या आत, मुक्कामापर्यंत जायचं होतं. संध्याकाळी सातपर्यंत पोचू असा त्याचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. काकांना ३८ किलोमीटरवरच्या गावात टायर बघायचा होता.

मी दादाच्या बाजूने जेवढा विचार करता येईल तेवढा केला. स्टेपनी वजन पेलणारी होती, हवा पूर्ण होती, पुढची चाकं ओढणारी असल्याने मागे अरुंद चाक बसलं तरी यंत्राला त्रास नव्हता. हेच पुढचं चाक असतं, तर मागचं पूर्ण मापाचं चाक पुढे घेऊन स्टेपनी मागे लावणं बरं, कारण दोन ओढणाऱ्या चाकांचे घेर वेगळे असले की त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलला सतत काम करावं लागतं. पण एका कोपऱ्यावर १९५ऐवजी सव्वाशे मिलिमीटर रुंदीचं रबर, गाडी भरलेली, दुपारनंतर पावसाची लक्षणं आणि आणखी एक टायर फुटला तर हातात काही नाही. शिवाय पहिला का फुटला हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. उरलेले तिन्ही टायर त्याच वयाचे होते. कारण कळलेलं नसताना लांब जाणं, हा मला यातला खरा धोका वाटतो.

वहिनींनी निकाल दिला: "गावात जाऊ. उशीर झाला तर झाला."

परिणाम

गावात त्या मापाचा एकच टायर होता. दुकानदार म्हणाला, एक बसवून निघा. त्याने मागचा दुसरा टायर उतरवून दाखवला तेव्हा नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या. मग जोडीच घ्यायची ठरली. दुसरा टायर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, म्हणून रात्री तिथेच राहिले. जोडी मागेच बसवली. नवे टायर पुढे लावावेत असं अनेकांना वाटतं, पण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं फार अवघड असतं. घरी परतल्यावर पुढचे दोनही बदलले.

पोचायला ठरल्यापेक्षा जवळजवळ एक दिवस उशीर झाला. रिमची कड वाकली, मागच्या बंपरची आतली बाजू टायरच्या पट्ट्याने फाटली. माणसाला कोणालाही खरचटलं नाही. धाकट्याच्या कानात दोन दिवस आवाज घुमत होता, तो बरोबर चाकाच्या वर बसला होता.

पोत्यातल्या तुकड्यांनी कारण सांगितलं. नक्षीच्या बाहेरच्या खाचेत एक स्क्रू होता आणि त्याचं डोकं रबराबरोबर घासून सपाट झालेलं. म्हणजे तो बरेच दिवस तिथे होता. टायरच्या आतल्या बाजूला भिंतीवर गोल पट्ट्यात सुरकुत्या आणि काळपटपणा, तळाशी रबराची भुकटी. कमी हवेवर बराच वेळ चाललेल्या टायरची ही ओळख आहे. भिंत कडेने गोल फाटलेली होती. खड्ड्यात आपटून फुटला असता तर रिमच्या धारेने चेपल्याची एका जागची खूण दिसली असती. तशी कुठेच नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

स्क्रू महिनाभर आधी सापडला असता तर आतून पॅच लावून टायर कदाचित वाचला असता. कदाचित म्हणतो, कारण तो टायरच्या खांद्याच्या, म्हणजे नक्षी आणि भिंत जुळतात त्या कडेच्या, अगदी जवळ होता आणि तिथली दुरुस्ती भरवशाची नसते. वय बघता टायर बदलणंच योग्य होतं. निघण्याच्या आदल्या रात्री थंड टायरची हवा मोजून मागे ३६ केली असती तर त्या चाकातला फरक तेव्हाच उघड झाला असता. थंड असतानाच का, तर दर दहा अंश तापमानाला दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. तापलेल्या टायरचा आकडा पुरेसा वाटतो आणि फसवतो. याच कारणाने वाटेत चढलेली हवा कमीही करू नये. मात्र चारही चाकं तापलेली असताना एकाच चाकाचा आकडा खाली असेल, तर तो फरक खरा असतो. चाळीसाव्या किलोमीटरवर यंत्र लावलं असतं तर तेवढंच पुरलं असतं.

स्टेपनीची हवा मोजणं आणि तिला सामानाच्या वर काढता येईल असं काही करणं, हेही आहेच. त्यावर फार लिहीत नाही.

मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो ३१०व्या किलोमीटरवर. तिथे माहिती होती, जाणकार माणूसही गाडीत होता, तरी गाडी थांबली नाही. काकांना विचारलं, तुम्ही जोर का नाही दिला? ते म्हणाले, "गाडी त्याची, हात त्याचे. सारखं बोलणारा म्हातारा नको वाटतो माणसाला." वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं, माझाच भास असेल." दादा म्हणाला, "मला उशीर दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं." तिघांचंही खरं होतं. अठरा किलोमीटर ऐकायला थोडे वाटतात. शंभरच्या वेगाला ती अकरा मिनिटं असतात. वेग पन्नासवर आणून पहिल्या सुरक्षित जागी थांबले असते, तर बहुधा टायर तापलेला, बसत चाललेला, पण अखंड सापडला असता.

आता त्यांच्या गाडीत एक गोष्ट ठरली आहे. कोणीही "थांबव" म्हटलं, की पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबते. का, हे थांबल्यावर विचारायचं. मुलांनाही हा हक्क आहे. पुढच्याच प्रवासात धाकट्या मुलीने तो वापरला. मागून फडफड आवाज येत होता. दादा उतरला, चारही चाकांना हात लावून आला, हवा मोजली. छतावरच्या सामानाचा एक पट्टा सुटून वाऱ्यावर वाजत होता. त्याने तो बांधला, मुलीला दाखवला आणि सगळे पुन्हा निघाले. आठ मिनिटं गेली होती.